वर्षाच्या आतली छाटणी

माझी बायको किशोरी वैशाखात गेली. त्यानंतर मी घरात एकही सण केला नाही. गणपती आणला नाही, दिवाळीला कंदील लावला नाही. मूलबाळ नाही, घरात मी एकटाच, त्यामुळे त्यावरून घरात भांडायला कुणी नव्हतं. भांडणं झाली ती बाहेर, खिडकीखालच्या झाडांवरून.

आमची बिल्डिंग पनवेलला खांदा कॉलनीत आहे. आम्ही तळमजल्याला. आमच्या खिडक्या आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये मातीची एक अरुंद पट्टी आहे. ती सोसायटीची, पण तिथली झाडं किशोरीची. मोगरा, कुंदा आणि कोपऱ्यात अनंत. किशोरी करंजा बंदरावरची, कोळ्यांच्या घरातली. तिच्याकडच्या बायका केसात फूल घातल्याशिवाय मासळीच्या लिलावालाही उभ्या राहत नाहीत. लग्न होऊन इकडे आली तेव्हा फूल विकत घ्यायचं म्हटल्यावर तिला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि तिने ही झाडं लावली.

छाटणीची वेळ ती सणांवरून ठरवायची. संक्रांत झाली की मोगरा. शिमगा झाला की कुंदा, कारण तो थंडीत फुलतो आणि फुलून झाल्यावरच त्याला कापायचं. नारळी पौर्णिमा झाली की अनंत, कारण त्याचा बहर पावसातला. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी बंदरात शिफ्टला जायचो आणि मला एवढंच दिसायचं की सण संपला की दुसऱ्या दिवशी ही कात्री घेऊन खाली बसते. मला ती सणाचीच रीत वाटायची, शिमग्याच्या पुरणपोळीसारखी. म्हणून घरात सण बंद झाले तेव्हा मी छाटणीही बंद केली.

त्यात किशोरीची मोठी बहीण कृष्णाबाई हिने बाराव्याला सगळ्यांसमोर मला बजावलं होतं, "माज्या बहिनीच्या हातच्या झाडाला वरसाच्या आत लोखंड लावू नको." कृष्णाबाईला मी बाय म्हणतो. ती अजून करंजाच्या बंदरावर सुकी मासळी विकते. तिच्यापुढे आवाज चढवलेला माणूस मी पाहिलेला नाही. शिवाय तेव्हा मलाही तेच हवं होतं. किशोरीच्या वस्तूला कुणी हात लावलेला मला चालत नव्हता. तिची चप्पल मी दारातून हलवली नव्हती, तर झाड कसं कापणार?

नारळी पौर्णिमा गेली. अनंत वाढत वाढत पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकला. मोगऱ्याच्या काड्या लांब होऊन एकमेकींत गुंतल्या आणि भिंतीवर पडल्या. दिवाळीनंतर त्यातून एक धामण निघाली आणि पार्किंगमधून गेटकडे गेली. बिनविषारी साप, पण बिल्डिंगमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

सोसायटीचा सेक्रेटरी विश्वजीत. चाळिशीतला माणूस, कुठल्याशा बिल्डरच्या ऑफिसात कामाला. त्याचं आणि किशोरीचं कधीच पटलं नाही. ती मासे धुतलेलं पाणी झाडांना घालायची आणि त्याला वास यायचा. दर मीटिंगला तो हा मुद्दा काढायचा आणि दर मीटिंगला ती उठून विचारायची, की वास पाण्याला येतो की तुम्हाला? लोक हसायचे आणि विषय संपायचा. आता ती नव्हती. धामण निघाल्यावर तो माझ्या दारात आला आणि आत न येता बोलला. कमिटीचं म्हणणं आहे की हे जंगल झालंय. बाग असेल तर बाग ठेवू, नाहीतर पट्टी सपाट करून टू-व्हीलर लावू. होळीपर्यंत काय ते करा.

मी म्हणालो, वर्ष झाल्याशिवाय काही होणार नाही.

"काका, भावना समजतात," तो म्हणाला, "पण सापाला समजत नाहीत."

मी दार लावून घेतलं. जोरात लावलं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये अस्माभाभी राहतात. पनवेलच्याच, नवरा शकील कतारला. किशोरीने फुलं तोडायची आणि अस्माभाभींनी ओवायची, अशी त्या दोघींची उन्हाळ्यातली संध्याकाळ असायची. किशोरी गेल्यावर मी त्यांच्याशी धड बोललो नव्हतो. त्या माझ्याकडे यायच्या ते रडू घेऊन, आणि मला माझंच आवरत नव्हतं.

संक्रांतीच्या आधी त्या आल्या तेव्हा मात्र रडत नव्हत्या. मोगऱ्याचं पाणी आता तोडा म्हणाल्या. आठवडाभर सुकू द्या, संक्रांत झाली की गुडघ्याइतका ठेवून बाकी सगळा कापा आणि पानं ओरबाडून काढा. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जुन्या काड्यांवर नुसती पानं येतील. फूल नाही आलं तर विश्वजीत पट्टी घेणार, आणि मग आपल्याला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

मी त्यांना सांगितलं की आमच्यात वर्ष पाळतात. वैशाखात वर्ष झालं की कापीन.

त्या म्हणाल्या, वैशाखात कापून काय करणार, बहर तर चैत्रात असतो.

मी म्हणालो, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, तुम्हाला त्यातलं कळायचं नाही. हे मी ज्या आवाजात म्हणालो त्याचा अर्थ त्यांना बरोबर समजला. त्यांचा चेहरा बदलला. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून बोलल्या.

"तुमची आई गेली त्या वर्षीही तुमच्या घरात सण नव्हता. किशोरीनं माझ्या घरचा शीरखुर्मासुद्धा खाल्ला नाही. पण मोगरा कापला होता. मी होते तिच्यासोबत. तुम्ही ड्युटीवर होता."

"मला कधी बोलली नाही."

"त्यात काय बोलायचं? तुम्हाला रोज भात लावला हे सांगायची का? भाई, तिचा सण वेगळा होता आणि झाड वेगळं. सण तिला फक्त तारीख लक्षात राहायला लागायचा. तुम्ही खामखा दोन्ही एक करून बसलात."

त्या गेल्या. मला त्यांचा रागच आला. माझ्या बायकोची एक गोष्ट त्यांना माहीत होती आणि मला नव्हती, याचा राग. तो राग घेऊन मी संक्रांतीपर्यंत राहिलो. पाणी मात्र तोडलं होतं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी मी किशोरीची कात्री घेऊन खाली उतरलो. तिची सवय अशी की कात्रीला खोबरेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवायची. फडकं सोडलं तर पाती कालच पुसल्यासारखी. मी पट्टीत उकिडवा बसलो आणि पहिली फांदी कापली. ती कापताना मला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. फांदी कापली गेली एवढंच. मग दुसरी कापली. कुठे थांबायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून माझ्या गुडघ्याला लावून मोजत गेलो. काडीपेटीच्या काडीइतक्या बारीक सगळ्या काढल्या. राहिलेली पानं हाताने ओरबाडली. बुंध्याची माती उकरून शेणखत घातलं. कुंदा फुलात होता, त्याला हात लावला नाही. दुपारपर्यंत मोगऱ्याच्या जागी नुसते करडे खुंट उभे होते.

माझा हात चालू लागला होता. मी अनंताकडे वळलो आणि पहिल्या मजल्याला टेकलेली फांदी खाली ओढली.

"त्याला नको," खिडकीतून अस्माभाभींचा आवाज आला. त्या किती वेळ बघत होत्या कोण जाणे. "त्याच्या शेंड्यांवर पावसातली फुलं यायची आहेत. शेंडे कापले तर यंदाची फुलं गेली."

"मग तो असाच ठेवायचा?"

"वेळेवर कापला नाहीत. आता पावसाळा होईपर्यंत बघत बसा त्याच्याकडे."

मी फांदी सोडली. ती वर जाऊन विश्वजीतच्या खिडकीच्या ग्रिलवर आपटली, कारण आमच्या वरचा फ्लॅट त्याचाच होता.

पुढच्या रविवारी बाय आली. दर महिन्याला येते, सुके बोंबील आणि जवळा घेऊन. मी जेवतो की नाही ते बघायला येते, पण तसं म्हणत नाही. गेटातून आत आली आणि पट्टीपाशीच थांबली. मी दारात उभा होतो. तिने पिशवी खाली ठेवली.

"ह्या काय केलास?"

मी सांगायला लागलो. मोगऱ्याची वेळ, नवी फूट, आईच्या वर्षीची गोष्ट. तिने काही ऐकलं नाही. अस्माभाभींचं नाव निघालं तेव्हा तर ती आणखी भडकली. तिचं म्हणणं असं की सख्ख्या बहिणीपेक्षा शेजारणीचं ऐकलंस. आणि वर्ष पाळायचं ते गेलेल्या माणसासाठी असतं, सेक्रेटरीच्या भीतीने मोडायचं नसतं. हे दुसरं म्हणणं मला लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

"माज्या बहिनीचं मुंडन केलास तू," ती म्हणाली. "मी असताना केला असतास तर हात तोडला असता."

पिशवी उचलून ती आल्या पावली परत गेली. सुकी मासळीसुद्धा परत नेली. त्या महिन्यात मी बोंबील वाण्याकडून आणले आणि ते खवट निघाले.

खरं संकट मात्र दुसरीकडून आलं. विश्वजीतने त्या खुंटांचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, की झाडांची काय अवस्था झाली आहे ती सर्व सभासदांनी पाहावी, झाडे मेलेली आहेत, सबब जागेचा निर्णय कमिटीने लवकर घेणे योग्य. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी लिहिलं की झाडं मेलेली नाहीत, छाटलेली आहेत. एकाने विचारलं, मग पानं कुठे आहेत? दुसऱ्याने लिहिलं, की जे झाड कापायला हवं ते खिडकीत शिरलंय आणि जे ठीक होतं ते संपवलं. त्यावर हसरे चेहरे. यातल्या निम्म्या बायकांनी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात किशोरीकडून फुलं नेली होती. संक्रांतीनंतर मोगरा कसा दिसतो हे त्यांना माहीत असायला हवं होतं. पण त्या फुलांच्या वेळी यायच्या, खुंटांच्या वेळी कुणी खाली बघितलं नव्हतं.

मी विश्वजीतला जिन्यात गाठून सांगितलं, होळीपर्यंतची मुदत तू दिलीस. तो म्हणाला, मुदत बाग नीट करायला दिली होती, मारायला नाही. कमिटीने ठरवलंय.

गुरुवारी सकाळी दोन मजूर कुदळ-फावडं घेऊन आले. विश्वजीत ऑफिसला उशिरा जाणार होता, तो त्यांच्याबरोबर उभा. मी लुंगीवर होतो तसा बाहेर आलो आणि मोगऱ्यापुढे मातीत बसलो. त्याने मला उठायला सांगितलं. मी उठलो नाही. तो म्हणाला, तमाशा करू नका. मी म्हणालो, कुदळ तू मार, मजुरांना कशाला पुढे करतोस? मजूर भिंतीला टेकून तंबाखू मळायला लागले. अस्माभाभी खाली आल्या आणि विश्वजीतला समजावू लागल्या की थोडे दिवस थांबा, फूट येईल. तो त्यांना म्हणाला, तुम्ही मध्ये पडू नका, हा सोसायटीचा विषय आहे. मी त्यांना हेच वेगळ्या शब्दांत सुनावलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवलं असणार, कारण आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

तेवढ्यात गेटात एक टेम्पो थांबला आणि त्यातून बाय उतरली. कमरेला पदर खोचलेला, हातात पहार, मागे रिकामी गोणपाटं. मला वाटलं अस्माभाभींनी फोन केला असेल. तसं काही नव्हतं. ती आपल्या विचाराने आली होती. मी मारलेली झाडं मुळासकट उपटून करंजाला न्यायला.

विश्वजीतला हे कळलं तेव्हा तो एकदम नरम आवाजात बोलायला लागला. मावशी, न्या ना, आमची काही हरकत नाही, उलट मजूर मदत करतील. बायने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ. तुला ठेवता नाय आली. मी नेतंय."

"नाय उठणार," मी म्हणालो. "झाड जितं हाय, बाय."

"माजी बहीन पन जिती हाय म्हनून सांगशील उद्या."

मजुरांनी तंबाखू मळायचं थांबवलं. मी तिच्या अंगावर धावून गेलो असतो, पण बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती वाकली होती. पहार कुठे घालायची ते बघायला तिने एका खुंटाला हात घातला. हलवून बघितला. मग अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. मासळी ताजी की शिळी ते बघताना ती कल्ल्याखाली बोट घालते, तशाच हाताने. सालीखाली हिरवं होतं, ओलं. तिने दुसऱ्या खुंटाला नख लावलं. तिसऱ्याला लावता लावता थांबली आणि डोळे बारीक करून जवळ गेली. खुंटाच्या पेरापाशी मोहरीएवढा लालसर कोंब होता. मी रोज बघत होतो आणि मला तो दिसला नव्हता.

ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग पहार घेऊन सरळ झाली आणि विश्वजीतकडे वळली.

"मेलाय म्हनून कोनी सांगला?"

तो म्हणाला, सगळ्यांनी फोटो पाहिलाय.

"फोटूत नख लावला व्हता का?"

तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला की जिवंत असेल तर चांगलंच आहे, तुम्ही न्यायला आलाच आहात, घेऊन जा.

"आता उपटला तर मरल," ती म्हणाली. "फुटीवर आलेला झाड हलवत नाय. गुरं सांभाळनाऱ्याला पन कळतं, तुला कसा कळत नाय?"

आणि ती माझ्या शेजारी बसली. शेजारी म्हणजे पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून, पहार मांडीवर आडवी घेऊन. तिथून तिने विश्वजीतला जे ऐकवलं ते सगळं मी लिहीत नाही. त्याच्या घरात बाई फूल घालते की नाही, आणि घालत असेल तर ते कुठल्या गाडीच्या स्टँडवर उगवतं, असं बरंच. तिचा आवाज बंदरावरचा आहे. खिडक्या उघडल्या. विश्वजीतच्या बायकोने वरून त्याला हाक मारली की ऑफिसला उशीर होतोय, आणि ती तिने दोनदा मारली. मजूर त्याला म्हणाले, साहेब, आम्हाला दुसरीकडे जायचंय. तो म्हणाला, मीटिंगमध्ये बघू, आणि गेला.

मी बायला चहा विचारला. नको म्हणाली. पाणी विचारलं. नको. मग तिने भिंतीकडे बघतच विचारलं की छाटल्यावर मासळीचं पाणी घातलंस का. मी म्हणालो, घरात ताजी मासळी शिजवलीच नाही वर्षभर. तिने मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं.

"वर्षश्राद्धाच्या आधी फुलं न्याया येन," ती म्हणाली. "तुज्याशी बोलाया नाय."

रिकामी गोणपाटं टेम्पोत टाकून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून बांगडे आणले, घरीच साफ केले, आणि पाणी पट्टीत ओतलं. वरून खिडकी बंद झाल्याचा आवाज आला. मग रोजच ओतत राहिलो, मासे खायचे असोत नसोत.

होळीच्या आधीच खुंट पानांनी भरले आणि पाडव्याच्या सुमाराला कळ्या धरल्या. मीटिंग झाली. विश्वजीतने विषय काढला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्याच एका बाईने विचारलं, की फुलं आलीत ना, मग आता काय? टू-व्हीलरची जागा पाण्याच्या टाकीमागे ठरली. विश्वजीत तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मला त्याने फरक पडत नाही. मासळीच्या पाण्याची तक्रार त्याने लेखी दिली आहे.

वैशाख लागायच्या आधी बाय आली. मला काही न विचारता पट्टीत शिरली आणि फुलं तोडायला लागली. उमललेली, उमलू घातलेली, संध्याकाळी उमलतील अशीसुद्धा. पदराचा ओचा करून त्यात टाकत गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. ती शेवटच्या झाडापाशी पोचली तेव्हा मी म्हणालो, थोडी ठेव.

"कोनासाठी?"

घरात फूल घालणारं कुणी नाही. देवाला मी वर्षभर फूल वाहिलेलं नाही, आणि तो हट्ट मी अजून सोडलेला नाही.

"अस्माभाभींसाठी," मी म्हणालो. "निम्मी त्यांची असायची."

तिने माझ्याकडे बघितलं. कपाळावर आठी होती ती तशीच राहिली. मग ती अस्माभाभींच्या खिडकीपाशी गेली, ग्रिलच्या आतल्या कठड्यावर मुठी मुठीने फुलं ठेवली. निम्मी नव्हती. निम्म्याहून कमी होती. पण कळ्या बघून घेतल्या होत्या, ओवता येतील अशा.

खिडकी आतून उघडली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अस्माभाभी म्हणाल्या, "देठ थोडे लांब ठेवायचे असतात."

"ठेवलेत," बाय म्हणाली, आणि ओचा सावरत गेटकडे चालू लागली.